रोजनिशीतली कापलेली पानं

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात नकलनवीस होते. जुन्या निकालपत्रांच्या, खरेदीखतांच्या नकला हाताने उतरवून द्यायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कुणाचंही, कसलंही अक्षर ते वाचायचे. मी लहान असताना संध्याकाळी ते एखादा जुना कागद समोर धरायचे आणि विचारायचे, "सांग, काय लिहिलं?" मराठी झालं, थोडीफार मोडी झाली, मग इंग्रजांच्या काळातली इंग्रजी कागदपत्रं आली. ते तिरकं, नागमोडी इंग्रजी अक्षर मी बारावीत असतानाच घडाघडा वाचायला लागले होते. त्याचा पुढे काही उपयोग होईल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

उपयोग झाला तो पुण्यात. विदर्भातून मी नोकरीसाठी आले तेव्हा हिंजवडीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका कंपनीने परदेशातली जुनी हस्तलिखितं संगणकावर उतरवायचं काम घेतलं होतं. मुलाखतीत त्यांनी एक पान माझ्यापुढे सरकवलं. मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, "इथे लिहिणाऱ्याची निब बिघडलीय. खालच्या ओळीपासून नवी घेतलीय."

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी पान स्वतःकडे ओढलं, चष्मा वर करून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे आधी कुठे बघितलंय का तुम्ही?"

तेच पुढे आमचे टीम लीडर झाले, आणि त्यांची ती नजर कधी पूर्ण गेली नाही.

राहायला एरंडवण्यात एका घराच्या वरची खोली मिळाली. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग पुन्हा आडनाव. "तिकडच्या आडनावांवरून आम्हाला काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या. आठवड्याने पाण्याची वेळ सांगायचं निमित्त करून त्या वर आल्या. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती.

"अच्छा. शोभेची का?"

"नाही. आमच्या घरची आहे."

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या, जणू मी माफी मागितली होती. त्यानंतर मी कामावर गेले की दिवा चालू राहिलाय का, नळ टपकतोय का हे बघायला त्या वर येऊ लागल्या. संध्याकाळी परत आले की टेबलावरचे कागद मी ठेवले तसे नसायचे.

ऑफिसात तरी काय वेगळं होतं? बसमधून उतरलं की दारात बॅग तपासायची, फोन लॉकरमध्ये ठेवायचा. कामाच्या मजल्यावर कागद आणि पेन दोन्हींना बंदी, कारण ग्राहकाच्या कागदातलं एक वाक्यही बाहेर जायला नको. एकच पान दोन जणांनी वेगवेगळं टाइप करायचं, मग संगणक दोन्ही प्रती ताडून फरक दाखवायचा. माझ्या पानांचा दुसरा टाइपिस्ट माझ्याच शेजारी बसायचा. पुण्याचाच, पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो मान न वळवता माझ्या स्क्रीनकडे बघतो, असं मला वाटायचं. मी माझा स्क्रीन थोडा तिरका करून ठेवायचे. तेही त्याने पाहिलं असणार.

असं पाच-सहा महिने जनगणनेचे आणि चर्चचे कागद उतरवल्यावर आमच्याकडे ती रोजनिशी आली.

ती एका इंग्रज बाईची होती. बाप मोठा उमराव, म्हणून तिच्या नावाआधी लग्नापूर्वीपासूनच 'लेडी' होतं. नवरा फौजेत कर्नल. त्याच्या घराण्यातही सरदारकी होती, आणि ती पुढे त्याला मिळाली. शंभरेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे ती पुण्यात आली आणि कॅम्पातल्या एका बंगल्यात राहिली. सहा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, मुलांना शिकवायला इंग्लंडहून आणलेली एक तरुण शिक्षिका आणि डझनभर नोकर. आम्ही तिला आपसात बाईसाहेब म्हणायचो. काम पाठवणारी होती तिची नात, साठीच्या आसपासची, लंडनला राहणारी. मात्र तिच्या नावाआधी काही नव्हतं. सरदारकी आणि मोठं घर थोरल्या मुलाच्या घराण्याकडे गेलं होतं, आणि ही धाकट्या मुलाची मुलगी होती.

बाईसाहेबांचं अक्षर घाईचं, उजवीकडे झुकलेलं, आणि स्पेलिंग भयंकर. दर चार शब्दांत एक चूक. आम्हाला नियम असा की चूक दिसेल तशीच टाइप करायची. त्या चुकांमुळेच ती मला आवडायला लागली. एका पानावर लिहिलं होतं, 'आज आम्ही सगळे काडतुसाला गेलो. बरोबर चहा आणि केक नेला. मुलांनी तळ्यात दगड टाकले.' काडतुसाला? संगणकाने फरक दाखवला नाही, म्हणजे शेजाऱ्यानेही 'कार्ट्रिज' असंच टाइप केलं होतं. मी तो शब्द तोंडातल्या तोंडात इंग्रजी धाटणीने दोनदा म्हणून पाहिला आणि हसायला आलं. बाईसाहेब कात्रजला गेल्या होत्या.

शेजारी पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "काय झालं?"

"कात्रज आहे हो ते."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "आम्ही तिथेच राहतो, आणि कळलं तुम्हाला," एवढंच म्हणून तो कामाला लागला.

शंकांसाठी आमच्याकडे एक तक्ता असायचा. त्यात टाइपिस्टने प्रश्न लिहायचा आणि ग्राहकाने उत्तर द्यायचं. मी कात्रजचा खुलासा लिहिला. नातीने एका ओळीत आभार मानले. तिने लिहिलं की घरातल्या तीन पिढ्यांना वाटायचं, आजी दारूगोळ्याच्या कोठारावर सहलीला जायच्या.

नवऱ्याबद्दल बाईसाहेब फार लिहीत नसत. 'आज स्वारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं.' 'आज जेवण माझ्या खोलीत घेतलं.' 'बाबांना पत्र लिहायला घेतलं, फाडलं.' अशी वाक्यं दोन-तीन पानांनी एकदा यायची. मी टाइप करून पुढे जायचे. कामच ते.

मग ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मजकूर अर्ध्या वाक्यावर तुटला. पुढच्या पानावर थेट डिसेंबर.

आणि अक्षर निराळं होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. झुकलेली अक्षरं सरळ उभी झाली होती. घाई गेली होती. एकेक अक्षर मोठं, सुटं, शाळेत पुस्ती गिरवल्यासारखं. स्पेलिंगही बरंच सुधारलेलं. पानाचं स्कॅन केलेलं चित्र मोठं करून पाहिलं, तर दोन पानांच्या मधल्या शिवणीत कापलेल्या कडा दिसत होत्या. कुणीतरी पात्याने सावकाश, नीट कापलेल्या.

त्या दिवसापासून मी रोजनिशी वाचायला लागले ती पोलिसासारखी, पुढची पानंही चाळून. डिसेंबरात बाईसाहेबांना दिवस गेल्याचा उल्लेख येतो. मे महिन्यात पुण्यातच मुलगा होतो. त्या महिन्यांत त्या कुठल्याही मेजवानीला जात नाहीत, कुणाला भेटत नाहीत. सगळ्यात खटकलं ते हे की शिक्षिकेचा उल्लेख, जो आधी दर दोन-तीन पानांत असायचा, तो ऑक्टोबरनंतर एकदाही नाही. स्वच्छ अक्षर, नीट स्पेलिंग, पुस्तीसारखं वळण. हे शिक्षिकेचंच अक्षर, असं माझ्या मनाने घेतलं. लिहिणारी स्वतःचा उल्लेख कशाला करेल?

रविवारी एस.टी.डी. बूथवरून वडिलांना फोन केला. नावगाव काही न सांगता विचारलं, "मधूनच हात बदलला तर काय समजायचं?"

"काहून? काय झालं?"

"सहज."

ते म्हणाले, "हात बदलला म्हणून माणूस बदलला, असं कोर्ट मानत नाही. माणूस आजारी पडते, म्हातारं होते. वळण पाहू नको. सवयी पाहून घे. सवय लपत नाही."

मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. माझा निकाल लागला होता.

सोमवारी टीम लीडरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? दिसतं ते टाइप करा."

"पण सर, कुणीतरी पानं कापलीत."

"त्यांची रोजनिशी, त्यांची कात्री." मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बाहेर कुणाला बोललात का?"

"नाही."

"नक्की?"

मी त्यांचं ऐकायला हवं होतं. पण दुपारी शंकांच्या तक्त्यात मी एक ओळ लिहिली: 'या पानापासून अक्षर वेगळं दिसतं. लिहिणारी व्यक्ती तीच आहे का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजल्यावर पोचले तर माझा संगणक बंद आणि खुर्चीवर सुरक्षा विभागाचा माणूस. नातीने कंपनीच्या वरिष्ठांना ई-मेल पाठवली होती. हा प्रश्न कुणी विचारला? का विचारला? माझ्या कुटुंबातल्या कुणी या मुलीशी संपर्क साधलाय का? उत्तर मिळेपर्यंत काम थांबवा.

चार दिवस काम थांबलं. माझा ड्रॉवर उपसला, लॉकर उघडलं. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी विचारलं, "तुमचं इथे कोण आहे? कुणी ओळखीचं?" मी नाही म्हटलं. "म्हणजे तुमची खात्री देणारं पुण्यात कुणीच नाही," त्या म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं. मला सगळ्यात राग आला तो शेजाऱ्याचा. माझी ओळ तक्त्यात गेल्यावर वरिष्ठांपर्यंत तिखटमीठ लावून यानेच पोचवली असणार, अशी माझी खात्री झाली. त्या चार दिवसांत कॅन्टीनमध्ये तो समोर बसला की मी ताट उचलून दुसरीकडे जायचे.

पाचव्या दिवशी कळलं की नात स्वतः पुण्याला येतेय.

त्या आल्या त्या साध्या सुती सदऱ्यात, खांद्याला कापडी पिशवी. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, चेहरा थकलेला. काचेच्या मीटिंग रूममध्ये टीम लीडर त्यांच्या शेजारी आणि मी समोर.

"हा प्रश्न विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"माझ्या चुलत बहिणीने? तिचे वकील?"

"मॅडम, आपल्याला चुलत बहीण आहे हे मला आत्ता कळलं."

"मग अक्षर वेगळं आहे हे तुम्हाला कसं समजलं? माझ्याकडे हे पुस्तक तीस वर्षं आहे. मी ज्यांना दाखवलं, ते म्हणाले, काळानुसार अक्षर बदलतं."

मी त्यांना वडिलांचं काम सांगितलं. नकलनवीस म्हणजे काय हे समजावायला वेळ लागला. कागद समोर धरून "सांग, काय लिहिलं?" विचारायचे, तेही सांगितलं. त्या माझ्याकडे टक लावून ऐकत होत्या. मग टीम लीडरांना म्हणाल्या, "आम्हा दोघींना जरा बोलू द्याल का?" टीम लीडर उठले, पण काचेच्या पलीकडे, आम्ही दिसू असे उभे राहिले.

"त्या मे महिन्यात जन्मलेला मुलगा म्हणजे माझे वडील," त्या म्हणाल्या. "मोठ्या घरात ते जेवायच्या टेबलावर सगळ्यात शेवटच्या खुर्चीत बसायचे. का, ते कुणी बोललं नाही. मी चौदा वर्षांची असताना चुलत बहिणीने मला सांगितलं. तुझे वडील आजीचे नाहीतच. ते त्या शिक्षिकेचे. आजोबांचं लफडं झाकायला आजी सहा महिने घरात कोंडून राहिली आणि रोजनिशी शिक्षिकेकडून लिहून घेतली."

माझाही अंदाज तोच होता.

"वडील गेले. ते कधी काही बोलले नाहीत, पण त्यांनीही ऐकलं असणार. इंग्लंडमध्ये हे काम कुणाला द्यावं तर दुसऱ्या दिवशी बहिणीच्या कानावर जाणार. म्हणून इतक्या लांब पाठवलं. आणि इथून पहिला प्रश्न आला तो नेमका हाच." त्या जरा हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

"वेगळी व्यक्ती वाटते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मी आठ दिवस आहे. तोवर पुढची पानं उतरवा. शिक्षिकेचं नाव कुठे आलं तर मला सांगा."

काम पुन्हा सुरू झालं. मी शिक्षिका शोधत होते. तिचं नाव कुठे नव्हतं. पण फेब्रुवारीच्या एका पानावर त्या जुन्या सहलीची आठवण आली, आणि स्वच्छ, सरळ, बिनचूक अक्षरांत लिहिलं होतं: कार्ट्रिज. मी थबकले. ज्या बाईला बाकीचं स्पेलिंग येत होतं, तिने हे असं का लिहावं? मग वाटलं, शिक्षिका बाईसाहेबांचं जुनं बघून लिहीत असेल. संशयाला सोय करून घेता येते.

त्याच आठवड्यात बँकेची माणसं पगाराच्या खात्याचे अर्ज भरून घ्यायला कॅन्टीनमध्ये टेबल मांडून बसली होती. रांगेत माझ्यापुढे शेजारी. त्याने खिशातून शाईचं पेन काढलं आणि वाकून लिहायला लागला. डाव्या हाताने. आमच्या मजल्यावर पेनच नसल्यामुळे इतक्या महिन्यांत मी त्याला लिहिताना पाहिलंच नव्हतं. लिहिता लिहिता त्याचा हात ओल्या शाईवरून पुढे सरकत होता आणि प्रत्येक ओळीत शाई उजवीकडे फराटत होती. बँकेचा माणूस वैतागला. "अहो, बॉलपेन घ्या ना. सगळं पुसलं जातंय."

"सवय आहे," शेजारी म्हणाला. त्याच्या तळव्याची करंगळीकडची कड निळी झाली होती.

मी अर्ज तसाच टाकून वर गेले. डिसेंबरचं पान उघडलं आणि मोठं केलं. इतके दिवस ज्याला मी कागदाला आलेली ओल समजत होते, ते पुसट फराटे प्रत्येक ओळीत होते, सगळे डावीकडून उजवीकडे ओढलेले. ऑक्टोबरपर्यंतच्या एकाही पानावर तसा फराटा नव्हता.

मग मी वडिलांनी सांगितलेल्या सवयी पाहिल्या. बाईसाहेब वाक्य संपल्यावर टिंबाच्या जागी छोटी आडवी रेघ मारत. डिसेंबरनंतरही तीच रेघ. तारीख दोनदा अधोरेखित करत. नंतरही दोनदाच. महिन्याचं नाव अर्धवट लिहून सोडत. नंतरही तसंच, फक्त हळू. मी एका बाईवर दुसरीच बाई असल्याचा आळ घेतला होता, आणि तिच्या नातीला तसं तोंडावर सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये टीम लीडरांच्या परवानगीने एक कागद आणि शाईचं पेन आणलं. शेजाऱ्यालाही बोलावलं. नातीसमोर मी त्याला म्हटलं, "एक ओळ लिहा."

"काय लिहू?"

"काहीही."

त्याने लिहिलं, 'मी कात्रजला राहतो.' शाई फराटली. मी तो कागद रोजनिशीच्या पानाच्या चित्राशेजारी धरला. नात खूप वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "तुमचा हात बघू?" त्याने तळवा पुढे केला. त्यांनी त्या निळ्या कडेला बोट लावलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"ती डावखुरी नव्हती," त्या म्हणाल्या.

"आधी नव्हत्या," मी म्हटलं. "ऑक्टोबरपासून झाल्या."

बाहेर आल्यावर मी शेजाऱ्याला गाठलं. "मला वाटलं होतं, तुम्ही माझी चुगली केलीत."

"वाटणारच. तोंडच तसं आहे आमचं." मग दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "स्क्रीन सरळ ठेवत जा आता. मान आखडेल तुमची."

जायच्या आदल्या दिवशी नातीला कात्रज बघायचं होतं. कंपनीने गाडी दिली आणि बरोबर मला पाठवलं. तासभर ट्रॅफिकमध्ये गेला. दूध डेअरीच्या बाजूने, रिक्षा आणि ट्रकच्या गर्दीतून आम्ही तळ्यापाशी पोचलो. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या आजीबद्दल काही बोलतील. त्या फोटोंबद्दल बोलल्या.

"आमच्याकडे तिचे चाळीसेक फोटो आहेत. रात्री आठवून पाहिले. पुण्यानंतरच्या एकातही उजवा हात दिसत नाही. हातमोजा असतो, नाहीतर हात शालीआड असतो. नाहीतर पुढे एखादं मूल उभं केलेलं असतं. घराण्याच्या इतिहासात लिहिलंय की पुण्यात ती घोड्यावरून पडली. पण तिला घोड्यांची भीती वाटायची. ती कधी बसलीच नाही."

"मग ती पानं कुणी कापली असतील?"

"त्याचाच विचार करतेय," त्या म्हणाल्या.

त्या परत गेल्या. पुढचे दोन महिने आम्ही उरलेल्या वह्या उतरवत होतो. बाईसाहेब तीन मुलांना घेऊन मायदेशी गेल्या, नवऱ्याला सरदारकी मिळाली, त्या मोठ्या घरात राहायला गेल्या. डाव्या हाताचं अक्षर हळूहळू वेग घेत गेलं. त्या वह्यांमधल्या अकरा वर्षांत ऑक्टोबरबद्दल चकार शब्द नाही.

मग एका सकाळी कामात नऊ नवी चित्रं आली. कापलेली पानं.

बरोबर नातीची ई-मेल होती, टीम लीडरांमार्फत माझ्यासाठी. त्या थेट चुलत बहिणीकडे, मोठ्या घरी गेल्या होत्या. बहीण ऐंशीच्या पुढची. नातीने फक्त एवढंच विचारलं, "आजीचा उजवा हात कुणी मोडला?" बहिणीने उठून कपाटातलं पाकीट आणलं. पानं तिच्या वडिलांनी, म्हणजे बाईसाहेबांच्या थोरल्या मुलाने, आई वारल्यावर आणि वह्या धाकट्या भावाकडे जायच्या आधी कापली होती. कापली, पण जाळली नव्हती. थोरल्या घराला सगळं ठाऊक होतं. आजोबा क्रूर होते असं लोकांनी म्हणण्यापेक्षा धाकटा भाऊ आईचा नाही असं म्हटलेलं त्यांना चाललं होतं.

मी आणि शेजाऱ्याने ती पानं टाइप केली. पहिली दोन घाईच्या, झुकलेल्या अक्षरात. बाईसाहेबांनी आपल्या वडिलांना पत्र लिहिलं होतं, मला आणि मुलांना घेऊन जा म्हणून. पुढचं पान दोन आठवड्यांनंतरचं. त्यावर वेडीवाकडी, एकावर एक चढलेली मोठी अक्षरं, पानभर मिळून चार ओळी. नवऱ्याला पत्र सापडलं. त्या लिहायच्या मेजापाशी बसल्या होत्या, झाकण उघडं, हात आत. त्याने मेजाचं झाकण खाली आणलं. दोनदा. शिक्षिका दारात होती, ती मध्ये पडली. दुसऱ्या दिवशी तिला मुंबईच्या गाडीत बसवून बोटीने परत पाठवलं.

म्हणजे मूल तिचं असणं शक्यच नव्हतं. मेच्या सात महिने आधी ती समुद्रावर होती.

उरलेल्या पानांत शिकणं होतं. मुलाला आता शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून बाईसाहेब स्वतः त्याच्याजवळ बसत. एकच पाटी. तो उजव्या हाताने अक्षर काढायचा, त्या डाव्या हाताने. त्याच्या स्पेलिंगच्या पुस्तकातले शब्द दोघं मिळून घोकत. 'आज त्याने माझ्यापेक्षा चांगलं काढलं आणि माझं पुसून दिलं, मला वाईट वाटू नये म्हणून,' असं एका पानावर होतं. हाच तो मुलगा, ज्याने पुढे पानं कापली.

शेजारी टाइप करायचा थांबला होता. मी पाहिलं तर तो स्क्रीनकडे बघत डाव्या हाताची बोटं मिटत आणि उघडत होता. दोन्ही प्रतींत संगणकाला एकही फरक सापडला नाही.

नातीने वह्यांचं पुस्तक छापायचं ठरवलं. चुलत बहिणीने विनंती केली की नऊ पानं सोडून छाप. तिच्या मुलांनी वकिलाचं पत्र पाठवलं. नातीने मला लिहिलं, 'तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?' टीम लीडर म्हणाले की अशा प्रश्नाचं उत्तर देणं आपल्या करारात बसत नाही. मी त्यांच्यासमोर बसूनच एक ओळ लिहिली, दिसतं ते टाइप करा असा आमच्याकडे नियम आहे. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच पाठवून दिली.

पुस्तक छापून झालं, पानं कुठेही न गाळता. घोड्यावरून पडल्याचं वाक्य घराण्याच्या इतिहासातून निघालं. ऑफिसला एक प्रत आली, ती कपाटात बंद झाली कारण ती कंपनीची होती. मला टीम लीडरांच्या खोलीत उभ्याने चाळायला मिळाली. शेवटच्या फोटोत म्हाताऱ्या बाईसाहेब बागेत बसल्या आहेत. खाली नातीने लिहिलंय की डावीकडे उभा आहे तो त्यांचा धाकटा मुलगा, माझे वडील. 'त्यांचा' या शब्दाशी मी थोडी रेंगाळले.

"झालं का?" टीम लीडरांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते कपाटात ठेवलं, पण कुलूप लावायच्या आधी पुन्हा बाहेर काढलं आणि खुर्चीत बसून ऑक्टोबरचं पान शोधायला लागले. मी दार ओढून घेतलं आणि माझ्या जागेवर गेले. त्या दुपारी आमच्याकडे विम्याचे छापील अर्ज आले होते.